जंताच्या गोळीचे समज-गैरसमज

‘गोड खातोस, म्हणून जंत होतात’ हे ऐकल्याशिवाय मराठी घरातलं बालपण सरत नाही. मूल झोपेत दात खाऊ लागलं की निदान पक्कंच! पण जंत साखरेतून येत नाहीत आणि दात खाणं हा त्यांचा पुरावाही नव्हे. उघड्यावरच्या शौचातून जंतांची अंडी मातीत जातात; तिथून न धुतलेल्या हातांनी, कच्च्या भाजीतून तोंडात. अंकुशकृमीला तर तोंडाचीही गरज नसते, त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि मोठा झालेला कृमी आतड्यात रक्त पितो.

‘आमचं पोर धडधाकट आहे, त्याला गोळी कशाला?’ जंत थोडे असतील तर काहीच जाणवत नाही. मात्र गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. एकेकाची विष्ठा तपासत बसण्यापेक्षा सगळ्या वर्गाला गोळी देणं कितीतरी स्वस्त पडतं. म्हणूनच फेब्रुवारी २०१५पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या सगळ्यांना अल्बेंडाझोल देतात. दोन वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅमची अख्खी गोळी, त्याआधी अर्धी.

गोळीनंतर कुणाच्या पोटात दुखलं, मळमळलं की गावभर अफवा पसरते. असा त्रास बहुधा जंत जास्त असलेल्यांना होतो आणि लवकर ओसरतो. खरी भीती वेगळीच आहे: रडणाऱ्या लहानग्याच्या तोंडात अख्खी गोळी कोंबली तर ती घशात अडकू शकते. लहानांना चुरा करून पाण्यातून द्यावी, मोठ्यांनी चावून खावी. आजारी मुलाला त्या दिवशी देऊच नये, नंतरचा मॉप-अप दिवस त्यासाठीच असतो.

मोहीम राबवणाऱ्यांचेही गैरसमज असतात. गोळीने पोटातले जंत जातात, मातीतले नाही. काही महिन्यांत लागण पुन्हा होते. चाबूककृमीवर तर एक मात्रा तोकडीच पडते. गोळीने मुलं हुशार होतात, हे भाषणात शोभतं. केनियातल्या शाळांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हजेरी वाढल्याचं दिसलं होतं, पण त्यावर संशोधकांचा वाद अजून मिटलेला नाही.

गुरुजी, बाई, एक विनंती. गोळी दप्तरातून घरी पाठवू नका. मुलाने तुमच्यासमोर चावून खाल्ली, तरच नोंदवहीत खूण करा.