उंदीर बाजूला ठेवा!

दोस्तांनो, आज एक गंमत करू या. संगणकाचा माऊस, म्हणजे आपला तो टेबलावरचा उंदीर, बाजूला ठेवून द्या. आता नेहमीची एखादी वेबसाइट उघडा आणि नुसत्या की-बोर्डवर ती वापरून बघा. टॅबचं बटण दाबलं की पुढे, शिफ्ट धरून टॅब दाबलं की मागे आणि हवं ते सापडलं की एंटर! जमलं? की आपण पानावर नेमके कुठे आहोत, तेच कळेना?

ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना माऊस धरता येत नाही, अशी कितीतरी माणसं संगणक असाच वापरतात बरं का! तुम्ही आत्ता केलीत ती वेबसाइटची एक खरीखुरी तपासणीच आहे.

मग ज्यांना दिसत नाही, ते काय करतात? त्यांच्या संगणकात स्क्रीन रीडर असतो. तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो, नाहीतर ब्रेलच्या टिंबांत बोटांखाली आणून देतो. पण चित्र आलं की तो अडखळतो. चित्रात काय आहे, ते साइट बनवणाऱ्याने शब्दांत लिहून ठेवावं लागतं. त्याला 'पर्यायी मजकूर' म्हणतात.

तो नसला तर काय होतं? ऐका. २००० साली ऑस्ट्रेलियात सिडनी ऑलिंपिक झालं. तिथले ब्रूस मॅग्वायर अंध होते आणि ब्रेलच्या मदतीने संगणक वापरत. ऑलिंपिकच्या साइटवर सगळ्या चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता, वेळापत्रकावरून खेळांच्या यादीकडे त्यांना जाता येत नव्हतं. त्यांनी १९९९ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. आयोजक म्हणाले, "दुरुस्तीला वर्षाहून जास्त वेळ आणि वीस लाखांहून जास्त डॉलर लागतील!" तज्ज्ञ म्हणाले, एवढं मुळीच लागणार नाही. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायर यांच्या बाजूने लागला. तरी साइट पुरती सुधारली नाही, म्हणून आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाईचा आदेश झाला. आधीच नीट तपासलं असतं तर?

आपल्याकडचंही सांगतो. मोबाइलवरून बँकेत खातं उघडताना 'डोळे मिचकावा' असा हुकूम येतो. अॅसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी काय मिचकवायचं? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

आता आणखी चार तपासण्या घरी करा:

१. कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबत पान २०० टक्के मोठं करा. मजकूर कापला जातो का?

२. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं आहेत का? 'लाल चौकटी भरा' एवढीच सूचना आहे का? ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही, त्याने काय करायचं?

३. व्हिडिओचा आवाज बंद करा. खाली अक्षरं येतात का?

४. डोळे मिटून ऐका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक असतो. मात्र तो बंद कसा करायचा, ते मोठ्यांकडून आधी शिकून घ्या. चालू असताना एका टिचकीने नाव ऐकू येतं आणि दोन टिचक्यांनी ते उघडतं!

अशा चुका शोधणारे प्रोग्रॅमही असतात. पण सगळं त्यांच्यावर सोडू नका. चित्राला मजकूर आहे की नाही, हे त्यांना कळतं; तो बरोबर आहे का, हे ठरवायला माणूसच लागतो. हत्तीच्या चित्राला 'फोटो ७' असं लिहिलं, तर अंध मुलाला हत्ती कसा कळणार?

पालकहो, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, निकाल, सगळं आता साइटवर असतं. साइट अडली की हुशार मूलही दाराबाहेर राहतं. म्हणून मुलांबरोबर बसून एक साइट तपासाच. चूक सापडली तर रागावू नका. कुठलं पान, आपण काय केलं आणि काय झालं, एवढ्या तीन ओळी साइट चालवणाऱ्यांना लिहून पाठवा. दुरुस्ती झाली, की तीच तपासणी पुन्हा करून बघा.