वजने उचलणारी स्त्री आणि अर्धशक्तीची मात्रा : व्यायामक्रम निवडताना

गेल्या काही वर्षांत आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या स्त्रियांच्या प्रश्नांमध्ये एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “डॉक्टर, मी वजनं उचलायला लागले आहे, चालेल ना?” असे विचारणारी कधी पंचविशीतील नोकरदार तरुणी असते, कधी प्रसूतीनंतर चार महिन्यांनी आलेली माता असते, तर कधी रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झाल्याचे नुकतेच कळलेली गृहिणी असते. प्रत्येकीच्या भ्रमणध्वनीवर कुठला ना कुठला तक्ता असतो : अमुक सेट, तमुक आवर्तने, आठवड्याला इतके किलो वाढवा. “चाला, योगासने करा, वजनांच्या वाटेला जाऊ नका,” असे सांगून आपल्यापैकी अनेक जण मोकळे होतात. आम्हीही दीर्घकाळ हेच सांगत आलो.

या सल्ल्याची किंमत आमच्या एका रुग्णेने मोजली. वय ५८, सेवानिवृत्त शिक्षिका, अस्थिघनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.६, म्हणजे अस्थिसौषिर्याच्या कक्षेत. “पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका,” असे आम्ही त्यांना बजावले आणि औषधयोजना केली. त्यांनी सल्ला निष्ठेने पाळला. दोन वर्षांनी घराच्या पायरीवर तोल जाऊन त्यांचे मनगट मोडले. तपासताना लक्षात आले की मांड्या हाताला पोकळ लागत होत्या आणि खुर्चीतून उठताना त्यांना हातांचा आधार घ्यावा लागत होता. अस्थी जपण्याच्या नादात आम्ही मांसधातूचा क्षय ओढवून घेतला होता. चरकाचार्यांच्या वयोविभागानुसार साठाव्या वर्षापर्यंत मध्यम वय. म्हणजे वार्धक्याच्या नावाखाली व्यायाम वर्ज्य करण्यास शास्त्राचा आधारही आमच्याजवळ नव्हता.

प्रस्तुत लेखाचा हेतू वजने उचलावीत की नाही हा वाद घालण्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम सांगितला आहे आणि त्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. कोणत्या स्त्रीला कोणता क्रम द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

अर्धशक्ति कशाची?

बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीने शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत मंद करावा, असे वाग्भटाचार्य सांगतात. ललाट, नासिका, काख व संधी येथे घाम येणे, मुखास कोरड पडणे ही या मर्यादेची लक्षणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केली. परंतु ती धावणे, कुस्ती, दंड-बैठका अशा अखंड चालणाऱ्या व्यायामास जितकी लागू पडतात तितकी वजन उचलण्यास पडत नाहीत. जड रॉड पाच वेळा उचलून तीन मिनिटे विसावणाऱ्या स्त्रीच्या कपाळावर घाम येईपर्यंत वाट पाहिली, तर तिच्या पाठीने केव्हाच तक्रार केलेली असेल. येथे लक्षण निराळे धरावे लागते. रॉड वर येण्याचा वेग मंदावू लागला, श्वास कोंडू लागला, गुडघे आत वळू लागले वा पाठीची सरळ रेषा मोडली, की सेट थांबवावा. आणखी दोन-तीन आवर्तने सहज झाली असती असे वाटत असतानाच वजन खाली ठेवावे.

अर्धशक्ति याचा अर्थ अर्धे वजन असा अनेक जण घेतात. आमच्या मते तो प्रयत्नाचा मापदंड आहे आणि तोही आजच्या शक्तीचा. तीन महिन्यांनी शक्ति वाढली की तिचा अर्धाही वाढतो. म्हणून वर्षभर तेच दोन किलोंचे डंबेल्स हलवीत राहणे ही अर्धशक्ति नव्हे. गमतीची गोष्ट अशी की आधुनिक बलव्यायामाच्या मूळ पद्धतीतही अर्ध्याला स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन सैनिकी वैद्य थॉमस डेलॉर्म यांनी क्रमशः भारवृद्धीची पद्धत रूढ केली. तिच्या स्थिरावलेल्या रूपात, जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधून पहिला सेट त्याच्या अर्ध्या वजनाने, दुसरा पाऊण वजनाने व तिसरा पूर्ण वजनाने करावयाचा असे.

मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की सर्वच गोष्टी अर्धशक्तीच्या चौकटीत बसत नाहीत. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ नावाच्या प्रयोगात (२०१८ साली प्रसिद्ध) अस्थिघनता कमी असलेल्या, रजोनिवृत्त अशा १०१ स्त्रिया होत्या. त्यांपैकी एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास जड वजनांचा व्यायाम केला : जमिनीवरून रॉड उचलणे, खांद्यावर रॉड घेऊन बैठक व डोक्यावर रॉड ढकलणे, प्रत्येकी पाच आवर्तनांचे पाच सेट, शिवाय उडी घेऊन जमिनीवर उतरणे. वजन कमाल शक्तीच्या ८५ टक्क्यांहून अधिक. या गटात कटिकशेरूंची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती १.२ टक्के घटली. एकीच्या कंबरेत किरकोळ लचक भरण्यापलीकडे अपाय नोंदला गेला नाही. याला अर्धशक्ति म्हणणे म्हणजे शब्दांची ओढाताण होय. आम्ही त्याकडे स्वस्थवृत्तातील व्यायाम म्हणून न पाहता चिकित्सा म्हणून पाहतो. पहिला महिना केवळ शरीरभाराने व हलक्या वजनाने हालचाली शिकविण्यात गेला होता आणि पुढील प्रत्येक सत्र तज्ज्ञांच्या नजरेखाली झाले होते. तीक्ष्ण औषधी जशी पूर्वकर्माविना देत नाहीत, तसेच हे आहे. तोच तक्ता रुग्णेच्या हाती देऊन तिला घरी पाठविणे हा अपचार ठरेल.

तक्ते पुरुषांचे, रॉड पुरुषांचा

प्रचलित व्यायामक्रमांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात प्रत्येक सत्राला थोडे वजन वाढवितात. मार्क रिपटो यांचे २००५ मधील ‘स्टार्टिंग स्ट्रेंग्थ’ हे याचे ठळक उदाहरण. दुसऱ्यात आठवड्याला वाढ होते. तिसऱ्यात भार महिन्याच्या चक्राने चढतो व उतरतो. जिम वेंडलर यांचा ‘पाच-तीन-एक’ हा क्रम त्यातला. नवशिक्या स्त्रीला पहिला प्रकार मानवतो, दोन-तीन वर्षे नियमित उचलणारीला तिसरा, आणि बहुतेक तरुणी नेमके उलट करतात, कारण तिसऱ्याचा तक्ता अधिक विद्वत्तापूर्ण दिसतो!

पहिला प्रकारही जसाच्या तसा देऊन चालत नाही, याचे कारण साधे गणित आहे. साठ किलो ढकलणाऱ्या पुरुषाने अडीच किलो वाढविले तर वाढ सुमारे ४ टक्के होते. वीस किलो ढकलणाऱ्या स्त्रीने तेवढेच वाढविले तर ती १२.५ टक्के होते. त्यातून व्यायामशाळेत अडीच किलोंहून लहान प्लेट नसेल तर दोन्ही बाजूंस मिळून पाच किलो, म्हणजे एकदम २५ टक्के! मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती अडते आणि “माझ्यात ताकदच नाही” असे समजून सोडून देते. वास्तविक, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित अभ्यासानुसार मूळ शक्तीच्या प्रमाणात पाहता स्त्रियांच्या पायांचे बळ पुरुषांइतकेच वाढते व हात-खांद्यांचे किंचित अधिकच वाढते. म्हणून खांदे व छातीच्या व्यायामांत आधी आवर्तने वाढवावीत, आठांवरून बारांपर्यंत न्यावीत, आणि मगच वजन वाढवून पुन्हा आठांवर यावे. सव्वा किंवा अर्ध्या किलोच्या प्लेट मिळत असतील तर उत्तमच. स्पर्धेतील स्त्रियांचा रॉड १५ किलोंचा व पुरुषांच्या रॉडपेक्षा बारीक असतो. पुरुषांचा २० किलोंचा. आपल्याकडील पुष्कळ व्यायामशाळांत दुसराच तेवढा असतो. (कर्णम मल्लेश्वरी यांनी सिडनीत पदक मिळविले त्याला, म्हणजे २००० सालाला, किती वर्षे लोटली याचा हिशेब व्यायामशाळांच्या चालकांनी करावा.) पंधरा लिटर पाण्याने भरलेला हंडा तेवढ्याच वजनाचा असतो, हे सांगितले की आमच्या ग्रामीण रुग्णांचे भय बरेच ओसरते.

परंतु हंड्याचा उल्लेख आला म्हणून दुसरी बाजूही पाहू. भारवहन व दीर्घ प्रवास यांनी कृश झालेल्यांस, तसेच क्षुधित व तृषित यांस चरकाचार्य व्यायाम वर्ज्य सांगतात. पहाटे पाचला उठून डबे करणारी, लोकलमध्ये दोन तास उभी राहणारी, रात्री पुन्हा ओट्यापाशी उभी असणारी स्त्री आठवड्यातून पाच दिवसांचा क्रम घेऊन येते, तेव्हा तिच्या तक्त्याआधी तिची दिनचर्या वाचावी. अशा स्त्रीला आम्ही दोनच दिवस देतो. प्रत्येक दिवशी बैठक, जमिनीवरून उचलणे, ढकलणे आणि ओढणे असे चारच व्यायाम, पाऊण तासात संपणारे. ज्यातून शरीर पुढल्या सत्रापर्यंत सावरते, तोच क्रम तिचा.

वाग्भटाचार्यांच्या वचनातील ‘स्निग्धभोजी’ हा शब्द आपण घाईत ओलांडून जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. पांडुरोगाची चिकित्सा न करता बलवृद्धीचा क्रम देणे म्हणजे पाया न खणता भिंत चढविणे होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. बलव्यायामातून मांसवृद्धी साधायची तर किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ८८ ग्रॅमपर्यंत, वाढीव प्रथिनांचा लाभ दिसतो. पोळी-भाजी आणि चहा-बिस्किटांवर हा आकडा गाठता येत नाही. वरण, उसळ, दूध-दही, पनीर, चालत असल्यास अंडी-मासे यांचा हिशेब मांडावा लागतो. वजन घटविण्यासाठी अन्न तोडायचे आणि त्याच वेळी जड उचलायचे, ही जोडी सर्वांत घातक. ओळीने तीन महिने रजोदर्शन झाले नाही, तर प्रथम गर्भधारणेची शक्यता तपासावी. ती नसेल तर ‘व्यायामाने होते असे’ म्हणून सोडू नये. आहार अपुरा पडून आर्तवक्षय व त्यामागोमाग अस्थिक्षय होतो, हे आधुनिक क्रीडावैद्यकानेही मान्य केले आहे. तेथे भार कमी करून आहार वाढवावा व पुढील तपासणी करावी.

मासिक पाळीनुसार बेतलेले क्रमही आता विकले जातात. २०२० मधील एका विस्तृत समीक्षेत पाळीच्या प्रारंभीच्या दिवसांत कार्यक्षमता अत्यल्प घटत असावी, इतकेच आढळले आणि एकच नियम सर्वांना लावू नये असे सुचविले गेले. सुश्रुताचार्यांनी रजस्वलेस धावणे व आयास वर्ज्य सांगितले, ते भावी अपत्याच्या संदर्भात. गर्भधारणेची इच्छा असणारीस आम्ही तीन दिवस विश्रांतीच सांगतो. इतर स्त्रियांना वेदना व स्राव पाहून निर्णय घेऊ देतो; भार मात्र त्या दिवसांत वाढवू देत नाही.

प्रसूतेविषयी मात्र कठोर राहावे. सूतिकाकाळ दीड महिन्याचा. आधुनिक प्रसूतितज्ज्ञांचे सहा आठवडे त्याच्या जवळपासच येतात. परंतु दीड महिना सरला म्हणजे रॉड हाती घ्यावा असे नव्हे. उचलताना मूत्र थेंबभर जरी गळले किंवा योनिस्थानी जडपणा जाणवला, तरी वजन उतरवून प्रथम श्रोणितलाची परीक्षा करावी. ही लक्षणे स्त्रिया आपणहून सांगत नाहीत. विचारावी लागतात, आणि पुरुष वैद्यांनी तर संकोच बाजूस ठेवून आवर्जून विचारावीत.

आमच्या शिक्षिकाबाई आता आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षित भौतिकोपचार-तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करतात. प्रारंभ खुर्चीतून हात न टेकता उठण्याने केला. दहाव्या महिन्यात त्या २५ किलोंचा रॉड जमिनीवरून उचलू लागल्या. मागील भेटीत त्यांनी श्रावणातील उपवासांविषयी विचारले. उपवासाच्या दिवशी रॉडला हात लावू नये आणि वर्षाऋतूत वजन आहे तेवढेच ठेवावे, असे आम्ही सांगितले. वाढ करावयाची ती हेमंत ऋतू आल्यावर, अडीच किलोंनी.