पोरांच्या मोबाईलला काटा लावा



उसाची गाडी काट्यावर गेल्याशिवाय आपण वजन मान्य करत नाही. मग पोरं मोबाईलवर जे पाहतात, ते न तोलता कसं चालेल?

इन्स्टाग्राम, यूट्यूब फुकट दिसतात, पण त्यांची मोठी कमाई जाहिरातींवर आहे. पोरगा जास्त वेळ पाहील तितक्या जाहिराती जास्त. म्हणून तो ज्या व्हिडिओवर थांबतो, तसलेच पुढे येत राहतात. पिळदार दंडाचे चार पाहिले, की पाचवा पावडरच्या डब्याचा! मग सोळा वर्षांचा पोरगा आरशासमोर खट्टू होतो आणि घरच्या दूध-डाळीला नावे ठेवतो.

त्याला तीन प्रश्न विचारायला शिकवा : सांगणारा कोण? त्याला यातून पैसे मिळतात का? चित्र खरे की सजवलेले?

दुसरी गोष्ट घामाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी. संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत ११ ते १७ वयाची शंभरातली ८१ मुले तेवढी हालचाल करत नव्हती. मुलींत हे प्रमाण ८५ होते. कबड्डी, खो-खो, सायकल, काहीही चालते. डबा लागत नाही. व्यायामाचा व्हिडिओ पाहून मात्र घाम येत नाही.

तेव्हा संध्याकाळी मुलालाच नव्हे, मुलीलाही मैदानावर धाडा. आणि तेवढा तास आपलाही मोबाईल खुंटीला राहू द्या. पोरं सांगण्यापेक्षा पाहून शिकतात.