पुंजीची विभागणी आणि ईटीएफची निवड

चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरवर, बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत श्रीपेरुंबुदूर हे गाव आहे. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून त्याची ख्याती जुनी. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या येथे झाली आणि गावाचे नाव देशभर पोचले. त्यानंतरच्या काळात या परिसराचे रूप पार पालटले. १९९८ मध्ये जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. २००६ मध्ये नोकियाने मोबाइल फोनचे उत्पादन सुरू केले. सॅमसंग, फॉक्सकॉन, सेंट-गोबेन अशा कंपन्याही येथे आल्या, आणि शेतीवर जगणाऱ्या तालुक्याची उपजीविका कारखान्याच्या भोंग्याशी बांधली गेली.

ही भरभराट किती नाजूक असू शकते, हे १ नोव्हेंबर २०१४ रोजी दिसून आले. त्या दिवशी नोकियाच्या कारखान्यातील उत्पादन थांबले. कंपनीचा फोनचा व्यवसाय त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टकडे गेला होता. करविषयक वादामुळे हा कारखाना मात्र त्या व्यवहारातून वगळला गेला. कामगारांच्या कौशल्यात काही उणे नव्हते, तरी हजारो तरुण स्त्री-पुरुषांचा रोजगार गेला. महाराष्ट्राच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. पुण्याजवळच्या तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये असाच थांबला. पुढे तो श्रीपेरुंबुदूरच्याच ह्युंदाईने विकत घेतला. परंतु दरम्यानच्या वर्षांत कामगारांच्या घरी पगार आला नाही.

गुंतवणुकीच्या चर्चेत हा भाग बहुधा निसटतो. पगारदार माणसाची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे त्याचा पुढील वीस-पंचवीस वर्षांचा पगार होय. तो एका कंपनीवर, एका उद्योगावर आणि पुष्कळदा एका गावावर अवलंबून असतो. त्याच गावात कर्ज काढून घर घेतलेले असते. कारखाना बंद पडला की पगार थांबतो, भाडेकरू निघून जातात आणि घराची किंमतही उतरते. अशा माणसाने आपली बचतही त्याच आधारावर उभी केली, तर एकाच धक्क्याने सर्व कोसळण्याचा संभव असतो. म्हणून पुंजीची विभागणी करताना पहिला प्रश्न ‘कोणता निधी अधिक नफा देईल?’ हा नसून ‘आपला पगार ज्या कारणाने थांबेल, त्या कारणाने आपली कोणती गुंतवणूक बुडणार नाही?’ हा असला पाहिजे.

याच्या उलट जाण्याचा मोह मोठा असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीने आपले समभाग जनतेस विकले. कमाल किंमत प्रत्येकी १,९६० रुपये होती, आणि कर्मचाऱ्यांसाठी काही समभाग राखून त्यांना १८६ रुपयांची सवलत दिली गेली. २२ ऑक्टोबरला बाजारात नोंदणी झाली त्या दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली बंद झाला. पुढे २०२५ मध्ये तो त्या किमतीच्या वरही गेला. परंतु भाव चढला की उतरला, हा येथे मुख्य मुद्दा नाही. सवलतीत मिळालेले थोडे समभाग घेण्यात वावगे काही नाही. मात्र ज्या कंपनीचा पगार खातो तिच्याच समभागांत आयुष्याची बचत ठेवणारा मनुष्य एकाच फांदीवर घरटेही बांधतो आणि दाणेही साठवतो.

विभागणीमागील गणिती विचार हॅरी मार्कोवित्झ यांनी १९५२ साली मांडला. एखाद्या मालमत्तेची जोखीम एकटी पाहून चालत नाही. ती इतर मालमत्तांबरोबर वरखाली होते की त्यांच्याहून निराळी वागते, हे पाहावे लागते, असा त्याचा आशय आहे. मार्कोवित्झ यांचा विचार रोख्यांच्या आणि समभागांच्या संचाविषयी होता. सामान्य कुटुंबाने त्या संचात आपला पगारही धरावा.

थोड्या पैशांत अशी विभागणी साधण्याचे एक साधन म्हणजे एक्स्चेंज-ट्रेडेड फंड, संक्षेपाने ईटीएफ. हा एक प्रकारचा म्युच्युअल फंडच असतो. फरक इतकाच की त्याची युनिटे समभागाप्रमाणे शेअरबाजारात दिवसभर विकत घेता येतात व विकता येतात. त्यासाठी डीमॅट खाते लागते. बहुतेक ईटीएफ एखाद्या निर्देशांकाची नक्कल करतात. निफ्टी ५० या निर्देशांकात राष्ट्रीय शेअरबाजारातील ५० मोठ्या कंपन्या ज्या प्रमाणात असतात, त्याच प्रमाणात निधी त्यांचे समभाग बाळगतो. कोणती कंपनी चांगली, हे ठरवण्याचा व्यवस्थापकाचा खर्च त्यात वाचतो. कॅनडातील टोरंटोच्या बाजारात १९९० मध्ये आणि अमेरिकेत १९९३ मध्ये असे निधी आले. भारतातील पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, बेंचमार्क या संस्थेने डिसेंबर २००१ मध्ये काढला. सोन्याचा पहिला ईटीएफ २००७ मध्ये आला.

पुष्कळांना ठाऊक नसते की, ज्या कामगाराच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, तो अप्रत्यक्षपणे आधीच ईटीएफचा गुंतवणूकदार झालेला असतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेने ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा ५ टक्के भाग ईटीएफमध्ये गुंतवण्यास आरंभ केला. २०१६ मध्ये हे प्रमाण १० टक्के व २०१७ मध्ये १५ टक्के करण्यात आले. उरलेला मोठा भाग सरकारी आणि अन्य रोख्यांत जातो. याचा अर्थ असा की, स्थिर व्याजाची बाजू अशा कुटुंबाकडे आधीपासूनच बरीच असते. तिचा हिशेब न करता रोख्यांचे आणखी निधी घेत सुटणे म्हणजे भरलेल्या रांजणात पाणी ओतणे होय. याउलट, ज्या कंत्राटी कामगाराचा निधी वारंवार काढून खर्च झाला आहे, त्याने ही बाजू प्रथम भरली पाहिजे.

ईटीएफची निवड करताना चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट निर्देशांकाची. नाव पाहून भागत नाही. आत कोणत्या कंपन्या आहेत, ते पाहावे. तीन निरनिराळ्या संस्थांचे निफ्टी ५० ईटीएफ घेतल्याने विभागणी होत नाही. एकच वस्तू तीन दुकानांतून आणल्यासारखे ते होते. सेन्सेक्समधील ३० कंपन्याही बव्हंशी निफ्टीतच असतात. निफ्टीचा सुमारे एक तृतीयांश भार बँका व वित्तसंस्थांचा असल्यामुळे निफ्टीच्या जोडीला बँकांचा ईटीएफ घेणारा आपली जोखीम पसरवत नाही, उलट ती एका ठिकाणी गोळा करतो. मोटार कारखान्यातील कर्मचाऱ्याने मोटार उद्योगाचा आणि हिंजवडीच्या संगणक अभियंत्याने माहिती-तंत्रज्ञानाचा ईटीएफ घेणे हीही तशीच चूक. ‘मला या धंद्याची माहिती आहे’ असे त्यावर समर्थन दिले जाते. परंतु त्या धंद्यावर त्यांचा पगार आधीच पणाला लागलेला असतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. निधीच्या मालमत्तेतून दरवर्षी काही टक्के व्यवस्थापनखर्च वजा होतो. तो लहान दिसतो, पण कालांतराने मोठा होतो. दरमहा १०,००० रुपये २० वर्षे गुंतवले, तर एकूण २४ लाख रुपये भरले जातात. केवळ उदाहरणादाखल वार्षिक १० टक्के वाढ धरली, तर त्यांचे सुमारे ७६ लाख होतात; खर्चापायी हीच वाढ ९ टक्क्यांवर आली, तर सुमारे ६७ लाखच हाती येतात. एका टक्क्याची किंमत अशी ९ लाख रुपये होते. मोठ्या निर्देशांकांच्या ईटीएफचा खर्च एका टक्क्याहून पुष्कळच कमी असतो आणि हेच त्यांचे मुख्य बळ आहे. मात्र दलाली व डीमॅट खात्याचे वार्षिक शुल्कही हिशेबात धरावे. फार लहान रकमांसाठी, किंवा डीमॅट खाते नसल्यास, त्याच निर्देशांकाचा साधा इंडेक्स फंड अधिक सोयीचा ठरू शकतो.

तिसरी गोष्ट अनुसरणाची. निर्देशांक वर्षात जितका वाढला, त्याहून निधी किती मागे पडला, हा फरक संस्था आपल्या पत्रकात प्रसिद्ध करते. खर्च कमी असूनही हा फरक मोठा असेल, तर नक्कल नीट होत नाही असे समजावे.

चौथी गोष्ट भावाची. ईटीएफला दोन किमती असतात : आतील समभागांचे प्रत्यक्ष मूल्य, आणि बाजारातील भाव. मोठे व्यापारी निधीकडून नवी युनिटे घेऊन किंवा जुनी परत करून हे दोन आकडे जवळ ठेवतात. हे दार बंद झाले की भाव भरकटतो. परदेशी गुंतवणुकीवर भारतीय म्युच्युअल फंडांना ७ अब्ज डॉलरची एकत्रित मर्यादा आहे. २०२२ च्या प्रारंभी ती गाठली जात आल्याने नव्या रकमा घेणे थांबवावे लागले, आणि अमेरिकन निर्देशांकाच्या काही ईटीएफचा भाव आतील मूल्याच्या वर गेला. १०० रुपयांच्या मूल्याचे युनिट १०८ रुपयांस घेणाऱ्याने पहिल्याच क्षणी ८ रुपये गमावलेले असतात. दार पुन्हा उघडले, तर ते परत मिळत नाहीत. खरेदीपूर्वी संस्थेच्या संकेतस्थळावरील सूचक मूल्य पाहावे, रोजची उलाढाल पुरेशी आहे ना हे तपासावे, आणि आपण ठरवलेल्या भावाचीच, म्हणजे लिमिट ऑर्डर द्यावी.

या चार कसोट्यांनंतर मांडणीचा प्रश्न उरतो. तिचा आरंभ ईटीएफने होऊ नये. श्रीपेरुंबुदूरजवळच्या सॅमसंगच्या कारखान्यात सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये महिन्याहून अधिक काळ संप चालला. अशा काळासाठी किमान सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हाताशी असावा. तो नसेल, तर नेमक्या पडत्या भावात युनिटे विकण्याची पाळी येते. त्यानंतर दीर्घकाळ न लागणाऱ्या पैशांसाठी व्यापक निर्देशांकाचा एक ईटीएफ हा पाया मानावा. मध्यम कंपन्यांच्या निर्देशांकाचा दुसरा ईटीएफ घेतल्यास विस्तार वाढतो. मात्र चढउतारही वाढतो. सोने संकटकाळी समभागांहून पुष्कळदा निराळे वागते, म्हणून त्याचा लहान वाटा उपयोगी पडतो. सोन्याच्या ईटीएफमध्ये घडणावळ जात नाही. परंतु घरात दागिन्यांच्या रूपाने सोने पुष्कळ असेल, तर तेही या वाट्यात मोजावे. ठरावीक वर्षी, म्हणजे मुलांच्या शिक्षणास वगैरे, लागणाऱ्या रकमेसाठी मुदतीच्या रोख्यांचा ईटीएफ विचारात घेता येतो. सरकारी उपक्रमांच्या रोख्यांचा ‘भारत बाँड’ डिसेंबर २०१९ मध्ये निघाला, तो याच प्रकारचा. तीन-चार निधींपलीकडे संख्या वाढवल्याने बहुधा फक्त कागद वाढतात.

विभागणी म्हणजे तोट्यापासून अभय नव्हे, हेही स्पष्ट असावे. जानेवारी ते ऑक्टोबर २००८ या काळात निफ्टी सुमारे ६० टक्क्यांनी उतरला. २०२० मध्ये जानेवारीपासून मार्चपर्यंत सुमारे ३८ टक्क्यांनी. मंदीत कारखाने आणि समभाग एकाच वेळी खचू शकतात. पन्नास कंपन्यांच्या निर्देशांकातून एखादी कंपनी बुडून बाहेर पडली, तर तिची जागा दुसरी घेते आणि निर्देशांक चालू राहतो. एका कारखान्यावर विसंबलेल्या घराला अशी बदली मिळत नाही. म्हणून वर्षातून एकदा आपला पगार, घर, निर्वाह निधी, सोने आणि ईटीएफ एका कागदावर मांडून, प्रत्येकापुढे ते कशावर अवलंबून आहे हे लिहावे. एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढची रक्कम त्या नावापासून दूर असलेल्या ठिकाणी गेली पाहिजे.