अलकापुरी ते अंटार्क्टिका, खिसा सांभाळून

अलकापुरीतून अंटार्क्टिका? बेत ऐकून घरची मंडळी हसतील. पण नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये गोव्याहून मोहिमेच्या जहाजाने तिकडे निघाल्याच ना!

पर्यटकांची बहुतेक जहाजे अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून, नोव्हेंबर ते मार्चमध्ये सुटतात. हंगामाच्या सुरुवातीला वा अखेरीस, तिघाचौघांच्या केबिनमध्ये खर्च कमी येतो. मात्र स्वस्त तिकिटाला भुलू नका. ५०० हून अधिक प्रवाशांचे जहाज कोणालाच किनाऱ्यावर उतरवत नाही. बर्फ डेकवरूनच पाहायचा. लहान जहाजांतूनही एका ठिकाणी एका वेळी १०० च माणसे उतरतात.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारा, तिथे पाऊल टेकेल का? आणि आजारपणात परत आणणाऱ्या विम्यात काटकसर नको. मोठे इस्पितळ समुद्रापलीकडे आहे.