स्कोअरशीटवर आहे, पगारपत्रकावर नाही

साताऱ्या-सांगलीकडे विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळलेल्या पोराला एक सल्ला हमखास मिळतो : ‘एनआयएस करून टाक, कुठल्या तरी कॉलेजात असिस्टंट कोच म्हणून चिकटशील. पुढं हेड कोच.’ सल्ला मायेचाच; एनआयएस म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षणाचा डिप्लोमा. पण चिकटायचं ते पदच कॉलेजात नसतं, हे सांगून सांगून क्रीडाशिक्षकांचा घसा बसला.

स्कोअरशीटवर प्रशिक्षकाखाली सहाय्यकाच्या नावाला ओळ असते, हे खरं. फिबाच्या नियमात त्याची दखलही आहे : सामना चालू असताना दोघांपैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. अनुदानित कॉलेजच्या मंजूर पदांत मात्र खेळांसाठी एकच माणूस, शारीरिक शिक्षण संचालक. कबड्डीच्या प्रवेशिका, क्रॉस कंट्रीची निवड, फाटलेली बास्केटची जाळी, सगळं त्याच्याच गळ्यात. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यात त्याच्या शेजारी बसलेला ‘असिस्टंट’ बहुधा कॉलेजचाच माजी खेळाडू असतो. मानधन मिळालं तर मिळालं.

बरं, त्या संचालकाच्या खुर्चीला तरी एनआयएस पुरतं? छे! यूजीसीची 2018ची नियमावली उघडून पाहावी. शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी, किमान 55 टक्के गुण, वर नेट-सेट किंवा पीएचडी. शिवाय स्पर्धा खेळल्याची नोंद आणि शारीरिक चाचणी : तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला 12 मिनिटांत 1,800 मीटर अंतर कापावं लागतं. पतियाळाच्या डिप्लोमानं यातली नेट-सेट सुटत नाही.

मग डिप्लोमा वाया जातो का? तसंही नाही. भारतीय क्रीडा प्राधिकरणात, म्हणजे ‘साई’त, सहाय्यक प्रशिक्षक हे पद खरोखर आहे आणि तिथं हा डिप्लोमा चालतो. 2021मध्ये 220 जागा निघाल्या होत्या. देशभरातून, सगळे खेळ मिळून, आणि त्याही कराराच्या.

घोळ बहुधा अमेरिकेतले सामने पाहून होतो. तिथं कॉलेज संघाच्या सहाय्यकाला पगार असतो, बढतीची वाटही असते. माइक शशेफ्स्की 1974-75च्या हंगामात इंडियानात बॉब नाइट यांचे सहाय्यक होते, लगेच आर्मीच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि 1980 ते 2022 ड्यूक विद्यापीठात राहिले. ती शिडी इथं टेकवायला भिंतच नाही.

बाकीचे समज किरकोळ. ‘मोठा खेळाडू तोच मोठा कोच’ : मायामी हीटचे एरिक स्पोलस्ट्रा एनबीएत एकही सामना खेळलेले नाहीत, 1995मध्ये व्हिडिओ विभागात लागले, 2008मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. ‘सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणात कोचही येतो’ : ते खेळाडूसाठी आहे, त्याला शिकवणाऱ्यासाठी नाही.

‘नोकरी सांभाळून केलेलं कोचिंग म्हणजे हौस’ : हे म्हणणाऱ्यानं साताऱ्यातच चौकशी करावी. खेळ तिरंदाजीचा आहे, पण प्रवीण सावंत पोलीस दलात नोकरी करत शिकवतात. 2023च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारातली वैयक्तिक सुवर्णपदकं मिळवणारे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे, दोघंही त्यांचेच विद्यार्थी.