बिऱ्हाड कुठे करावे?

मी मराठीचा प्राध्यापक. गेली वीस वर्षे चिंचवडात राहतो. लोकांनी माझ्याकडे येऊन ज्ञानेश्वरीतल्या एखाद्या ओवीचा अर्थ विचारावा, अशी माझी आपली भाबडी इच्छा. पण दरवर्षी जून उजाडला, की गावाकडचा कुणीतरी भाचा-पुतण्या पिशवी घेऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "मामा, चाकणला नोकरी लागली. बिऱ्हाड कुठं करू?" ओवीचा अर्थ चुकला तर विद्यार्थ्याचे चार गुण जातात. या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एका कुटुंबाची वर्षे जातात. हे मी अनुभवाने सांगतो, कारण आमची स्वतःची तीन गेली आहेत.

मला येथे नोकरी लागली तेव्हा लग्नाला सहा महिने झाले होते. मी जागा शोधली ती एका दुपारात. भाडे किती आणि कॉलेजला पोचायला वेळ किती, एवढे दोनच प्रश्न विचारले आणि चिखलीकडे शेताच्या कडेला नव्याने बांधलेल्या चाळीत दोन खोल्या घेतल्या. भाडे चिंचवडच्या निम्मे! माझ्या व्यवहारचातुर्यावर मी बेहद्द खूश होतो. सकाळी सातला स्कूटर काढायची आणि संध्याकाळी परतायचे. ती वस्ती मला दिसे फक्त रविवारी.

आमची सौ. मात्र तिथे आठवड्याचे सातही दिवस होती. ती बार्शीच्या भर पेठेत वाढलेली. येथे दुधाची पिशवी आणायची तरी चिखलातून मैलभर जावे लागे. शेजारच्या सगळ्या खोल्यांत कारखान्यातली एकटी मुले. रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. आमच्या थोरलीला एकदा रात्री ताप भरला, तेव्हा रिक्षा मिळेना म्हणून दोघे तिला खांद्यावर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलो. या कशाबद्दलही सौ. त्या वेळी एक अक्षर बोलली नाही. पुढे दहा वर्षांनी, कुठल्याशा गप्पांत ती सहज म्हणाली, "तिथं मी रेडिओशी बोलायचे. तो निदान उत्तर देत होता." मी हसलो, पण मग रात्री झोप आली नाही.

हे गाव असे का आहे, तेही सांगायला हवे. पिंपरी-चिंचवड हे नाव एक. पण ते मुळात एक गाव नव्हेच. पवनेच्या काठी मोरया गोसावींचे आणि चापेकर बंधूंच्या वाड्याचे चिंचवड. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेला पिंपरीचा कॅम्प. पलीकडे इंद्रायणीकाठी देहू आणि आळंदी. आणि मधे शेते. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीन करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही उभी राहिली. त्या वसाहतीत ज्याला जागा मिळाली, त्याला बिऱ्हाड शोधावेच लागले नाही. पुढे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, टेल्को आली, बजाज आली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी चार गावे एकत्र करून १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महापालिका. १९७१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजारांवर गेली.

या माणसांसाठी नीट आखलेले गाव असावे म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. क्रमांक दिलेल्या पेठा, रुंद रस्ते, झाडे, ९९ वर्षांच्या कराराने दिलेले भूखंड. आखणी नमुनेदार, पण माणसांचा लोंढा आखणीपेक्षा वेगाने आला. कामगाराला पेठेतला भूखंड परवडेना, मग त्याने शेतकऱ्याकडून गुंठा, अर्धा गुंठा घेऊन जमेल तशी भिंत उभी केली. एका पेठेत गुलमोहराच्या सावलीचे रस्ते आणि तिथून हाकेच्या अंतरावर समोरासमोरच्या गच्च्यांतून हात मिळवता येतील अशा गल्ल्या, हे दृश्य येथे जागोजाग दिसते ते त्यामुळे.

त्यातच कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणला गेले. चाकण म्हणजे पूर्वी कांद्याचा बाजार आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग. १९९९ साली तिथे बजाजचा कारखाना आला, २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्र. शहर नदीच्या एका तीराला आणि नोकरी दुसऱ्या तीराला, असा हा मामला झाला. मेट्रो २०२२ साली पिंपरीला सुरू झाली आणि २०२४ साली स्वारगेटपर्यंत पोचली. पण ती जाते पुण्याकडे. चाकणच्या माणसाला तिचे काय?

तर २०२४ च्या फेब्रुवारीत आमचा भाचा आला तो या पार्श्वभूमीवर. माढा तालुक्यातले सीनाकाठचे गाव आमचे. माझी थोरली बहीण, आक्का, तिथे शेती करते. मेहुणे गेल्याला बरीच वर्षे झाली. पोराला चाकणला कायमची नोकरी लागली, सून पोटुशी, तेव्हा आक्काने दीड एकर रान विकले आणि पैसे पोराच्या हाती दिले. "भाड्यात पैसा घालू नकोस, आपलं घर कर," एवढेच तिचे म्हणणे.

भाच्याने येण्यापूर्वीच सगळे गणित फोनवर सोडवले होते. "मामा, मोशीपासून कंपनी फक्त अठ्ठावीस मिनिटं!"

"कधी पाहिलंस?"

"रविवारी दुपारी."

"मग सोमवारी सकाळच्या पाळीला जा आणि संध्याकाळी पाळी सुटल्यावर परत ये. असं आठवडाभर कर, आणि मग मला मिनिटं सांग."

तो आठवडाभर आमच्याकडे राहिला. तिसऱ्या दिवशी नाशिक रस्त्यावरून परत यायला त्याला पावणेदोन तास लागले. त्यानंतर फोनवरचे गणित त्याने पुन्हा काढले नाही. मग मी त्याला आणखी दोन धडे दिले. पहिला पाण्याचा. २०१९ च्या नोव्हेंबरात महापालिकेने दिवसाआड पाणी सुरू केले. तेव्हापासून येथे घर पाहताना नळ कोणत्या कंपनीचा आहे याला महत्त्व उरले नाही. मे महिन्यात टँकर किती येतात, हे घरमालकाला विचारू नये. रखवालदाराला विचारावे, किंवा जिन्यात बादली घेऊन भेटेल त्या बाईला. दुसरा धडा कंपनीच्या बसचा. बस दारात येत नाही, ती हमरस्त्यावर थांबते. रात्री साडेबाराला तिच्यातून उतरल्यावर घर किती लांब, रस्त्यावर दिवे आहेत का आणि कुत्री किती, हे त्याच वेळी जाऊन पाहावे.

हे सगळे झाले आणि एका रविवारी भाचा आनंदाने उड्या मारीत आला. इंद्रायणीच्या काठी दीड गुंठ्याचा प्लॉट, किंमत बाजारभावाच्या निम्मी, त्याच दिवशी टोकन दिले तर आणखी सूट! 'निम्मी' हा शब्द ऐकताच माझ्या पोटात गोळा आला. आक्का त्या वेळी आलेलीच होती. तिला घेऊन आम्ही निघालो.

जागा सुरेख होती. समोर नदी, वारा, काठाला बाभळी. एजंट इस्त्रीच्या कपड्यांत उभा होता. भाचा गच्ची कुठे होईल ते दाखवू लागला. आक्का मात्र खाली वाकली. तिने मूठभर माती उचलली, तळहातावर चोळली आणि म्हणाली, "हे मळईचं रान हाय रं. नदी हितवर येऊन जाती."

"आता नाही येत, आजी," एजंट म्हणाला, "वर धरणं झाली ना."

"आन् धरण भरल्यावर पाणी कुठं जातं, बाबा?"

एजंट काही बोलला नाही. आक्काने नुसते बोट दाखवले. बाभळीच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्याही वर, वाळका पाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. त्या कुणी हाताने बांधलेल्या नव्हत्या. मी प्राध्यापक, भाचा इंजिनियर; पण त्या दिवशी वाचता आले ते चौथी शिकलेल्या आक्काला.

आक्का जे मातीवरून बोलली, ते सरकारी कागदावरही लिहिलेले असते. नदीला दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायला मनाई आहे. येथे आणखी एक घोटाळा होतो. देहूरोडला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे आणि त्याच्याभोवती बांधकामाला बंदी असलेला पट्टा आहे. त्याला लोक 'रेड झोन' म्हणतात. त्याचा आणि नदीच्या लाल रेषेचा काही संबंध नाही. पण पैसे अडकायचे तर ते दोन्हीकडे सारखेच अडकतात. तेव्हा टोकनाची नोट खिशातून काढण्यापूर्वी महापालिकेच्या विकास आराखड्यावर आपला गट नंबर कुठे पडतो, हे पाहून घ्यावे. एजंटाच्या मोबाइलवरचा नकाशा हा आराखडा नव्हे.

भाचा त्या दिवशी माझ्यावर रुसला. "स्वस्त मिळतंय तर तुम्ही दोघं नाट लावता," म्हणाला. त्याचेही चुकत नव्हते. दीड एकर रान विकून आलेल्या पैशाला या शहरात किती थोडी जागा मिळते, हे त्याने पुरते पाहिले होते.

मग १७ मे २०२५ उजाडला. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या रेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. प्रकरण हरित न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते आणि निकाल कायम राहिला होता. आम्ही पाहिलेली जागा ती नव्हे. पण नदी तीच. त्या बंगल्यांतली माणसे काही मूर्ख नव्हती. जन्माची कमाई घरात घालणारी, तुमच्याआमच्यासारखीच माणसे ती. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तो फारसा बोलला नाही. आक्काच्या हातात फोन दिला. ती एवढेच म्हणाली, "त्या लोकास्नी कुणी मळई दावली न्हाई का रं?"

आता ही मंडळी कुठे राहतात, ते सांगतो. भोसरीला, इंद्रायणीनगरात, भाड्याच्या दोन खोल्यांत. रानाचे पैसे बँकेत आहेत. घर होईल तेव्हा होईल. या खोल्या भाच्याने निवडल्या नाहीत आणि मीही नाही. नदीवरून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आमची सौ. उठली आणि भाचेसुनेला म्हणाली, "चल, आपण बघू. पुरुषांना यातलं काही कळत नाही." वाहन न घेता दोघी चार दिवस हिंडल्या. दूध कुठे, औषधाचे दुकान कुठे, बालवाडीला जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, आक्काला संध्याकाळी टेकायला बाकडे आहे का आणि त्या बाकड्यावर तिच्या वयाचे कुणी बसते का, हे सगळे त्यांनी पायांनी मोजले. भाच्याला खोल्या दाखवल्या त्या शेवटी. त्याला कंपनी आणखी पंधरा मिनिटे लांब पडते. तो कुरकुरला, पण आता नातवाला कडेवर घेऊन आई त्या बाकड्यावर बसलेली बसमधून उतरताना दिसते, तेव्हा कुरकुरत नाही.

मागच्या दिवाळीत फराळाला त्यांच्याकडे गेलो होतो. समोरच्या बिहारी बिऱ्हाडातून ठेकुआ आले होते, खालच्या मल्याळी बाईंकडून केळ्याचे वेफर. आक्का ताटल्या परत पाठवायच्या गडबडीत होती. रिकामी ताटली परत पाठवू नये, हा तिचा नेम. सौ. ते पाहत उभी होती. काही बोलली नाही. पण मला त्या चिखलीच्या खोल्या आठवल्या आणि तो रेडिओ आठवला.

तेव्हापासून मी एक केले आहे. जून उजाडतो, कुणी भाचा-पुतण्या पिशवी घेऊन दारात येतो आणि विचारतो, "मामा, बिऱ्हाड कुठं करू?" मी त्याला आधी एकच विचारतो, "दिवसभर घरी कोण राहणार आहे?" आणि उत्तर काही येवो, त्याला स्वयंपाकघराची वाट दाखवतो. "तुझ्या मामीला विचार," म्हणतो, "ओवीचं काही असेल तर मग माझ्याकडे ये."